कडा जाड राहिल्यात

अहो, दहाव्याला तुमचा कावळा लगेच शिवला.

पिंड ठेवून गुरुजी दोन पावलं मागे सरकतात न सरकतात तोच घाटावरच्या झाडावरून एक गलेलठ्ठ कावळा उतरला आणि चोच मारून मोकळा झाला. शेजारच्या मंडळींचा कावळा तासभर येत नव्हता. ते आपल्याकडे हेव्याने बघत होते. तुमच्या बहिणीने, मंदाताईंनी, डोळे पुसले. म्हणाल्या, "वहिनी, दादाची कसलीच इच्छा मागे राहिली नव्हती. तृप्त गेला हो." सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. पण परत येताना रिक्षात बसले आणि मला तुमचा भयंकर राग आला.

इच्छा राहिली नव्हती म्हणजे काय? आपला वाद अर्धा राहिला होता. अठरा वर्षं दर रविवारी चाललेला वाद, आणि त्यात माझं उत्तर यायचं बाकी होतं. निदान पाच मिनिटं तरी तो कावळा अडवून धरायचात.

तुम्हाला पत्र वगैरे लिहायची ही माझी पहिलीच खेप. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी तुम्हाला फक्त किराण्याच्या याद्या लिहून दिल्या, आणि त्यातही हिंगाची डबी तुम्ही हमखास विसरून यायचात. ही वही सईची आहे. मागची पानं कोरी होती. "आजी, तुला हवं तेवढं लिही," म्हणून नात देऊन गेली. नितीन, प्रज्ञा आणि ती, तिघं आत्ताच खराडीला परत गेली. चहाचे कप तसेच पडलेत. आज रविवार होता, हे तुम्हाला सांगायला नकोच.

सुरुवातीपासून सांगते. तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही ते नेहमी चुकीचं सांगायचात. आल्यागेल्याला म्हणायचात की रविवारचा पाट ही तुमची कल्पना. ती तुमची नव्हती आणि माझीही नव्हती. ती त्या पाटाच्या आखूड पायाची होती.

हडपसरच्या कंपनीच्या टूलरूममध्ये तुम्ही अठ्ठावीस वर्षं साचे घडवलेत. केसाएवढा फरक बोट फिरवून सांगायचात. मग बाहेरचे कारखानदार देशात आले, कंपनीने कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आणली आणि पन्नाशी ओलांडलेल्यांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचे कागद ठेवले. घरी येऊन तुम्ही एवढंच म्हणालात, "माझ्या बोटाला जे कळतं ते त्या मशीनला कळतं. शिवाय ते डबा मागत नाही." आणि हसलात. ते हसणं मला अजिबात आवडलं नव्हतं.

पुढचे तीन महिने तुम्ही रोज सकाळी सहाला दाढी करायचात, बूट पुसायचात आणि गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसायचात. शनिवार पेठेतल्या आपल्या कोपऱ्यावरून कंपनीची बस जायची तेव्हा उठून आत यायचात, बसमधल्या उरलेल्या लोकांनी बघू नये म्हणून. बस गेली की परत खुर्ची. नितीन तेव्हा इंजिनिअरिंगला होता. तो हळू बोलायचा, मी भांडी हळू ठेवायचे, घरात कोणी आजारी असल्यासारखं. मला फार भीती वाटायची तेव्हा. हेही मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

एका रविवारी दुपारी मी माहेरच्या सागवानी पाटावर बसून शेंगा सोलत होते. तो पाट लग्नापासून लंगडा. मी डुगडुगले, शेंगा सांडल्या आणि तोंडातून निघून गेलं, "घरात एवढा मोठा टूलरूमवाला बसलाय आणि पाट लंगडा." बोलले आणि जीभ चावली. तुम्ही आत आलात, पाट जवळजवळ माझ्या खालूनच ओढून घेतलात आणि कानस घेऊन गॅलरीत बसलात. चार वाजता चहा झाला तेव्हा तो पाट खोलीच्या मधोमध आला, आणि त्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला. एक थेंब सांडला नाही. आपण तिघं चहा पीत एका पेल्याकडे बघत बसलो होतो. बाहेरच्या कोणी बघितलं असतं तर तिघांनाही येरवड्याला पोचवलं असतं. मग तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, "पास." तीन महिन्यांत पहिल्यांदा तुमचा आवाज तुमच्यासारखा वाटला.

पुढच्या रविवारी त्याच पाटावर माझ्या कढईची नवी कडी होती. त्याच्या पुढच्या रविवारी नितीनने तिथे एक फ्लॉपी ठेवली.

"यात मी केलेला प्रोग्रॅम आहे, बाबा."

तुम्ही ती उलटसुलट केलीत, उजेडाकडे धरलीत. "कुठाय?"

"आत आहे."

"वीजपण तारेच्या आत असते. पण हात लावला की कळते. याचं काय कळतंय?"

त्यावर तुमचा आणि त्याचा तासभर वाद झाला. हाताने केलेलं म्हणजे नक्की काय, बोटांनी बटणं दाबली की ते हातचं होतं का, वगैरे. मी स्वयंपाकघरात पदर तोंडात धरून हसत होते. वादाला नव्हे. तुम्हाला वाद घालता येतोय, याचाच मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी मी चहा परत टाकला. शेवटी तुमचा निकाल आला की जी वस्तू हातातून खाली पडू शकते ती पाटावर चालेल. फ्लॉपी पडू शकत होती, म्हणून ती पास झाली.

नियम असे कोणी बसून केले नाहीत. रविवारी चार वाजता चहा, पाट मधे, आणि आठवड्यात ज्याने हाताने काही केलं असेल त्याने ते ठेवायचं. विकत आणलेलं चालणार नाही. तुम्ही तपासून 'पास' म्हणायचं, नाहीतर 'रिवर्क', म्हणजे परत करा. नितीनला नोकरी लागली, लग्न झालं, खराडीला त्यांनी फ्लॅट घेतला, तिकडे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. पण रविवारी चारला ही मंडळी पूल ओलांडून इकडे यायची. ट्रॅफिकमध्ये अडकली तर नितीन फोन करायचा, "बाबा, पाट मांडू नका, आलोच."

आणि तुम्ही काय काय केलंत त्या पाटापायी. विणकाम तुम्ही खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून शिकलात. पेठेत त्याची चर्चा झाली. कोपऱ्यावरच्या एकाने खवचटपणे विचारलं, "काय हो, आता स्वेटर का?" तुम्ही म्हणालात, "माप देऊन ठेवा. पोटासाठी वेगळी लोकर आणावी लागेल." परत कोणी विचारलं नाही. सई झाली तेव्हा तिच्या डोक्याचं माप तुम्ही स्टीलच्या टेपने घेतलंत आणि टोपी विणलीत. दोन मिलिमीटरची मोकळीक ठेवली आहे म्हणालात. ती टोपी सईच्या नाकापर्यंत उतरली. लोखंड सांगितलेल्या मापात राहतं, लोकर राहत नाही, हे मान्य करायला तुम्हाला तीन टोप्या लागल्या. तिसरी बरोब्बर बसली. तोवर सईचं डोकंही वाढलं होतं, पण तुमचा चेहरा बघून मी ते बोलले नाही.

लिंबाच्या लोणच्याचं तर विचारूच नका. एकेका लिंबाच्या सारख्या आठ फोडी, मीठ तराजूत तोलून, सगळं यथासांग. मग बरणीचं पत्र्याचं झाकण तुम्ही टूलरूममधल्या सवयीने आवळलंत. झालं. ते परत उघडलंच नाही. गरम पाणी झालं, फडकं झालं, नितीन झाला, मंदाताईंचा तालमीत जाणारा मुलगा झाला. शेवटी तुम्ही स्वतः घाम गाळलात आणि म्हणालात, "मुरू दे अजून." अकरा वर्षं मुरतंय ते.

प्रज्ञा सून होऊन आली ती अमरावतीहून. आल्यावर पहिल्याच रविवारी तुम्ही तिला विचारलंत, "तुझं काय?"

"बाबा, मी तर दिवसभर कोडच लिहून राहिली ना. पण ते सर्व्हरवर असते."

"सर्व्हर कुठाय?"

"अमेरिकेत."

"मग पाट तिकडे पाठवू?"

पोर हिरमुसली. मला तुमचा राग आला होता तेव्हा. पण पुढच्या रविवारी ती चार पानं छापून घेऊन आली आणि पाटावर ठेवून म्हणाली, "हे घ्या. पडू शकते." तुम्ही चष्मा लावलात आणि ती चारही पानं वाचलीत. कळत काही नव्हतं, पण ओळ न ओळ बोटाने धरून गेलात. एका जागी थांबलात. "हा कंस उघडलाय. बंद कुठे केलास?" ती म्हणाली, "पुढच्या पानावर आहे ना, बाबा." तुम्ही पान उलटलंत, शोधलंत, सापडला. "पास." रात्रीच्या भाजीची मेथी निवडताना ती मला म्हणाली, "आई, ऑफिसमध्ये इतकं मन लावून कोणीच नाही वाचत." त्या दिवसापासून ती तुमची झाली. माझी व्हायला तिला अजून वर्षभर लागलं, हे कबूल करते.

आणि माझं? सगळ्यांचं बघून झालं की तुम्ही माझ्याकडे वळायचात. एक रविवार चुकला नाही.

"अगं, तुझं काय?"

"माझं तुमच्या पोटात आहे."

मंडळी हसायची. तुम्हीही हसायचात. चहा संपायचा, पाट कपाटामागे जायचा, पुढच्या रविवारी परत तेच. पण ती नुसती थट्टा नव्हती, हे तुम्हालाही ठाऊक होतं.

एका दिवाळीत ते उघड झालं. तुम्ही केलेल्या लाकडी दिव्याचं पाहुण्यांनी अर्धा तास कौतुक केलं. जोड दिसत नाही, खिळा नाही, काय हात आहे. ते सगळे माझ्याकडे जेवून तृप्त होऊन बसले होते, आणि जेवणाबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. मी सुपारी कातरता कातरता म्हणाले, "यांची आठवड्याला एक वस्तू. माझ्या दिवसाला बावीस पोळ्या. मी पाटावर ठेवायला लागले तर यांचा दिवा ठेवायला जागा उरायची नाही." पाहुणे गेल्यावर तुम्ही मला समजवायला बसलात. तुमचं समजावणं म्हणजे मशीनची माहितीपुस्तिका वाचून दाखवल्यासारखं.

"अगं, पोळी हे काम झालं. ते करावंच लागतं. पाटावर आपण काय ठेवतो? जे करावं लागत नाही, तरी करतो ते."

"जे करावंच लागतं ते एकदा करून बघा. म्हणजे बाकीचं करायला तुम्हाला वेळ कुठून मिळतो ते कळेल."

मग विचारलंत, "म्हणजे तुला पोळ्या करायला आवडत नाही?"

मी म्हणाले, "नाही."

तिथे मी खोटं बोलले, अहो.

मला पोळ्या करायला फार आवडतं. सकाळी घर झोपलेलं असतं, ओल्या फडक्याखाली कणीक मुरलेली असते. पहिला गोळा घेतला की बोटांना कळतं आज कणीक कशी आहे. तेल लावून घडी घालायची, पिठात घोळवायची, आणि लाटायला लागलं की एका क्षणी ती लाटण्याखाली आपणहून फिरायला लागते. आपण फक्त हात ठेवायचा. डोकं मोकळं, कुठेही फिरून यावं. मी पोळ्या करताना माहेरी जाऊन आले आहे, शाळेतल्या मैत्रिणींशी भांडून आले आहे, तुम्हाला न देता आलेली उत्तरं देऊन आले आहे. आणि तव्यावर पोळी टम्म फुगली की एवढ्या वर्षांनंतरही मला वाटतं, कोणाला तरी हाक मारावी आणि म्हणावं, बघा, फुगली.

पण हे कबूल कसं करायचं? बाईला पोळ्या करायला आवडतात असं एकदा म्हटलं की संपलं. मग ती दमत नाही. मग तिच्या कामाला कोणी काम म्हणत नाही, आणि छंद म्हणून पाटावरही घेत नाही. दोन्हीकडून गेलं. म्हणून तुम्ही म्हणायचात काम, मीही ठणकावून म्हणायचे काम, आणि रोज सकाळी चोरून मजा करायचे. अठरा वर्षं मी असा सुखाचा संसार तुमच्यापासून लपवून केला.

तीन रविवारांमागे तुम्ही दुपारी दोन वाजता स्वयंपाकघराचं दार लावून घेतलंत. आत परात पडली. मग दुसरं काहीतरी पडलं. मी दार वाजवलं तर, "कोणी यायचं नाही." चार वाजता मंडळी आली, पाट मांडला गेला, आणि तुम्ही बाहेर आलात. भुवयांना पीठ, बनियनवर तेल. हातात ताटली, ताटलीत एक पोळी. तिला गोल म्हणायला मोठं मन लागलं असतं. ती तुम्ही पाटावर ठेवलीत.

"ही माझी म्हणून नाही ठेवत," म्हणालात. "ही हिच्या वतीने."

मग खिशातून तुमचा तो व्हर्निअर काढलात, जाडी मोजायचा, जो तुम्ही नितीनलासुद्धा हात लावू द्यायचा नाहीत. "सकाळी हिची पोळी मोजली. मधे, कडेला, चार ठिकाणी. सगळीकडे सारखी. एक लाटणं आणि हात, बाकी काही नाही. आता माझी बघा. मधे एक मिलिमीटर, कडेला तीन. सात केल्या, त्यातली ही त्यातल्या त्यात बरी." आणि माझ्याकडे बघून हळू म्हणालात, "अगं, हे तू बोलता बोलता करतेस."

तुम्ही हरलो म्हणत होतात. सगळ्यांना कळलं. प्रज्ञाने माझा हात धरला. त्या वेळी मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. 'मलाही आवडतं हो करायला' म्हटलं असतं तर आपला अठरा वर्षांचा हिशोब तिथेच मिटला असता. पण पेठेत एवढी वर्षं काढल्यावर चांगलं बोलायची वेळ आली की जीभ आधी चिमटा शोधते. मी पोळी उचलली, दोन बोटांत धरून बघितली आणि म्हणाले, "कडा जाड राहिल्यात."

सगळे खो खो हसले. तुम्ही सगळ्यात जास्त हसलात, चष्मा काढून डोळे पुसलेत. "रिवर्क," म्हणालात.

संध्याकाळी पेपर चाळता चाळता विचारलंत, "त्या पोळीचं काय केलंस?"

"कावळ्याला घातली."

"खाल्ली का त्याने?"

"चोच मारून गेला."

"बरोबर आहे. कडा जाड होत्या," म्हणालात आणि पान उलटलंत.

बुधवारी सकाळी चहा घेऊन तुम्ही गॅलरीत गेलात आणि परत आत आलाच नाहीत. त्याबद्दल मी लिहिणार नाही. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. मी आत पोळ्या करत होते. अकरा झाल्या होत्या.

मग माणसं आली, दिवस झाले, तेरावा झाला, माणसं गेली. मधले दोन रविवार पाटाचं नाव कोणी काढलं नाही. आज चारला ही मंडळी आली. चहा झाला आणि सईने सवयीने कपाटामागून पाट ओढून मधे आणला.

नितीन म्हणाला, "सई, आज नको."

"का? रविवार आहे ना, बाबा."

"आबा नाहीत, बेटा."

"पाट तर आहे," ती म्हणाली आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

कोणीच काही आणलं नव्हतं. प्रज्ञा ओशाळून म्हणाली, "मी पण नाही आणलं, आई. सुचलंच नाही." नितीन मला हळू आवाजात, खराडीला राहायला यायचं बघ, म्हणाला. प्रज्ञाने कप हळू ठेवला. तो हळू ठेवलेला कप मी ओळखला, अहो. गॅलरीतल्या खुर्चीचे ते तीन महिने परत दारात येऊन उभे राहिले होते, आणि आता खुर्चीत बसायची पाळी माझी होती.

मी उठले. दार लावून घेतलं नाही. सकाळची थोडी कणीक होती, तवा ठेवला, एक पोळी लाटली. बाहेर सगळ्यांना लाटण्याचा आवाज ऐकू जात होता, आणि ते ऐकत होते हे मला कळत होतं. अर्ध्यावर पोळी आपणहून फिरायला लागली. तव्यावर टाकली, फुगली. ताटलीत घेऊन आले आणि पाटावर ठेवली.

"हे माझं," मी म्हणाले. "आणि मला पोळ्या करायला आवडतं. पहिल्यापासून आवडतं." जरा मोठ्यानेच म्हणाले. खालच्या काकूंनी ऐकलं असेल.

प्रज्ञा म्हणाली, "मला माहीत होतं ना, आई. लाटताना तुम्ही गुणगुणता. मी इतक्या वर्षांपासून ऐकून राहिली." मला वाटत होतं मी मनात गुणगुणते.

सईने तुमच्या खणातून व्हर्निअर आणला, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला. मी म्हटलं, घे मोजून. तर ती म्हणाली, "थांब आजी. आबा म्हणायचे, गरम असताना माप घ्यायचं नाही. खोटं येतं." मग आम्ही पोळी गार व्हायची वाट बघत बसलो. चौघं, पाटाभोवती, एका पोळीकडे बघत. मला तो पाण्याचा पेला आठवला. नितीन म्हणाला, "बाबा असते तर पंखा बंद करायला लावला असता." आणि त्याने उठून खरंच पंखा बंद केला. तिथून जे हसू सुरू झालं ते थांबेना. टोपी निघाली, सर्व्हर निघाला, स्वेटर विचारणारा निघाला. तुमच्यावर असं हसून मला इतकं हलकं वाटलं की जरा लाजही वाटली. मग म्हटलं, असू दे. तुम्ही असतात तर तुम्हीच पुढे असतात.

गार झाल्यावर सईने मोजलं. मधे, कडेला, चार ठिकाणी, डोळा बारीक करून, अगदी तुमच्यासारखी ओठ मुडपून. "सगळीकडे सारखी," म्हणाली. मग सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "पास."

त्या पोळीचे चार तुकडे केले. नितीन म्हणाला, आज बाबांचं लोणचं उघडूच, मी पाना आणलाय गाडीतून. बरणी त्याच्या हातातून मी काढून घेतली. ते झाकण तुम्ही आवळलंय. तुमच्या हाताचा जोर घरात आता तेवढाच एक उरलाय, तो मला मोडायचा नाही. कोरडीच खाल्ली पोळी सगळ्यांनी. खराडीला मी जाईन अधूनमधून, पण रविवारी चारला पाट इथेच मांडायचा असं ठरलं. पुढच्या वेळी सई काहीतरी विणून आणणार आहे. लोकर ताणली जाते, हे मी तिला आधीच सांगून ठेवलंय.

मंडळी गेली. आता आपण दोघंच आहोत, म्हणून सांगते. त्या रविवारी कावळा वगैरे कोणी आलं नव्हतं. तुम्ही मुलांना सोडायला खाली गेला होतात, तेव्हा तुमची पोळी मी ओट्याशी उभी राहून खाल्ली. तूप-साखर लावून, सबंध, कडांसकट. छान झाली होती हो.